मिनिटाला तीस शब्द

रत्नम्मा नोकरीला लागली तेव्हा तिला एकेचाळिसावं चालू होतं, आणि शाळेनं तिला बसायला दिलेली खुर्ची तिच्या नवऱ्याची होती. जळकोटच्या त्या हायस्कुलात सिद्धेश्वर सतरा वर्षं लिपिक होता. तालुक्यातल्या जुन्या मास्तरांना त्याचं अक्षर ठाऊक होतं. जनरल रजिस्टरची पानंच्या पानं त्यानं एकही खाडाखोड न करता लिहिली होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याला लातूरला नेलं ते नेलंच. मग दोन वर्षं अनुकंपाची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली, फाईलीच्या मागं रत्नम्मा फिरली, आणि एका ऑगस्टात तिच्या हातात आदेश पडला: कनिष्ठ लिपिक.

आदेशाच्या शेवटी बारीक अक्षरात एक अट होती. दोन वर्षांच्या आत मराठी टंकलेखनाची, मिनिटाला तीस शब्द वेगाची परीक्षा पास व्हायची. नाही झाली तर सेवा समाप्त. मुख्याध्यापक बिरादार सरांनी ती अट तिला मोठ्यानं वाचून दाखवली. ते सिद्धेश्वरचे स्नेही होते, आणि सांगितलं नाही असं पुढं कुणी म्हणायला नको होतं. दोन वर्षं म्हणजे पुष्कळ झाली वहिनी, होऊन जाईल, असं ते म्हणाले. रत्नम्मानं मान हलवली. घरी आल्यावर सासूनं विचारलं, मिनिटाला तीस म्हणजे किती? रत्नम्माला ते सांगता येईना.

तिचं माहेर उदगीरजवळचं. घरात कानडी, शाळेत मराठी. बारावी झाली त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, आणि त्यानंतरच्या तेवीस वर्षांत तिनं लिहिलं काय, तर किराणाची यादी आणि मुलीच्या, अंजूच्या, वह्यांवरची नावं. तरी तिला वाटलं होतं की रजिस्टर लिहायला येईल. नवऱ्याला लिहिताना तिनं पाहिलं होतं. पण सिद्धेश्वर गेल्यापासूनच्या त्या दोन वर्षांत शाळेचं सगळं दप्तर रजिस्टरातून उठून संगणकात जाऊन बसलं होतं. मुलांची नावं एका साइटवर, आधार दुसऱ्या, शिष्यवृत्ती तिसऱ्या, खिचडीची रोजची संख्या चौथ्या. प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा. तोवर हे सगळं विज्ञानाच्या सोमेश सरांच्या गळ्यात पडलं होतं. रत्नम्मा रुजू झाली त्या दिवशी सर्वांत मोकळा श्वास कुणी घेतला असेल तर त्यांनी.

सोमेश सर माणूस वाईट नव्हते. पण त्यांचं दाखवणं म्हणजे करूनच टाकणं. "बघा वहिनी, इथं गेलो, हे घेतलं, झालं." त्यांची बोटं उठली की रत्नम्माला पडद्यावर झालेलं काम दिसायचं, ते कसं झालं हे दिसायचं नाही. पुन्हा विचारलं की ते पुन्हा तितक्याच वेगानं करायचे. तिसऱ्यांदा विचारायची तिला लाज वाटायची. आठ-दहा दिवसांनी तिनं एक वही घातली आणि तीत सगळं स्वैपाकाच्या कृतीसारखं लिहून ठेवायला लागली. निळ्या डब्यावर दाबणे. चाक फिरते, तोवर हात लावू नये. उजवीकडे खाली शाळेचा नंबर टाकणे. पुन्हा निळा डबा.

दोन महिने वही चालली. मग एके दिवशी निळा डबा हिरवा झाला आणि उजवीकडचं डावीकडं गेलं. रत्नम्मा अर्धा तास पडद्यासमोर बसून राहिली. तिला वाटलं आपण भलत्याच ठिकाणी आलो. शेवटी सोमेश सर वर्गावरून आले, बघितलं, आणि साइट बदलली म्हणाले, एवढंच. अशी ती साइट वर्षातून तीन-तीनदा बदलायची आणि दर वेळी तिची वही वाया जायची. नववीत ऋतुजा नावाची एक मुलगी होती. तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेत एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. तीन ठिकाणी तीन मुली झाल्या होत्या तिच्या. ती एक करायला रत्नम्माला सव्वा महिना लागला, तिच्या आईला दोनदा तालुक्याला हेलपाटा पडला. संध्याकाळी घरी गेली की तिला भाकरी थापायला उभं राहवायचं नाही. अंगमेहनत तिनं जन्मभर केली होती, तो थकवा तिला कळायचा. हा तसला नव्हता. दिवसभर खुर्चीवर बसून असा जीव कसा शिणतो हे तिला सासूला समजावता येत नसे.

आणि वर टायपिंग. जळकोटला क्लास नव्हता. उदगीरला जावं लागायचं. शनिवारी शाळा सुटली की जीप, रविवारी सकाळी पुन्हा जीप. क्लास आनंदराज सरांचा. साठीचे गृहस्थ, अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. पुढच्या खोलीत दहा संगणक आणि मागच्या खोलीत ताडपत्रीखाली झाकलेली चोवीस जुनी मशीनं. शासनानं मशीनवरची परीक्षा बंद केली तेव्हा सरांचं वय पन्नासाच्या पुढं होतं. मशीनं विकवली नाहीत आणि संगणक येत नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी रत्नम्माला स्वतःचंच सांगितलं. "मला माऊस धरता येत नव्हता, बाई. टेबलाच्या कडेपर्यंत गेला की पुढं कुठं न्यावा कळायचं न्हाई. उचलून पुन्हा मधी ठेवायचा असतो, हे मला माझ्याच विद्यार्थिनीनं शिकवलं." ते हसले नाहीत, म्हणून तीही हसली नाही.

ते तिच्या हातांवर रुमाल टाकायचे. बघायचं नाही, बोटाला कळू द्या, म्हणायचे. पण बोटांना कळत नव्हतं. अंगठा आणि पहिली दोन बोटं ऐकायची. करंगळीनं आणि तिच्या शेजारच्या बोटानं आयुष्यात कधी एकट्यानं काम केलं नव्हतं. आजूबाजूला अठरा-अठरा वर्षांच्या पोरी बसायच्या. चार-सहा महिन्यांत त्यांचा वेग यायचा, त्या परीक्षा देऊन निघून जायच्या, नव्या यायच्या. रत्नम्मा तिथंच. नव्या पोरी तिला आधी क्लासच्याच बाई समजायच्या. पहिल्या परीक्षेत तिचा वेग सोळा आला. दुसऱ्या परीक्षेत तेवीस. दोन वर्षांतली पावणेदोन वर्षं उलटली होती.

त्या उन्हाळ्यात अकरावीचं सगळं बदललं. तोवर जळकोटची पोरं दहावीचा निकाल हातात आला की हवं त्या कॉलेजात जाऊन नाव घालत. त्या वर्षापासून सगळ्या राज्यात प्रवेश ऑनलाइन झाला. अर्जाचे दोन भाग: पहिल्यात मुलाची माहिती, दुसऱ्यात दहा कॉलेजांची पसंती. शाळांनी पोरांना मदत करावी असं पत्र आलं. बिरादार सरांनी ते पत्र रत्नम्माच्या टेबलावर ठेवलं. सोमेश सर उन्हाळ्याच्या प्रशिक्षणाला गेलेले होते.

सव्वीस पोरं आली. त्यात विशाखा होती, जळकोटपासून चार किलोमीटरवरच्या वाडीतली, शाळेत दुसरी आलेली, त्र्याण्णव टक्केवाली. आई तारामती गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. बाप ग्यानोबा हैदराबादला बांधकामावर सेंट्रिंगच्या कामाला. अर्जाला नंबर बापाचा दिलेला, त्यामुळं ओटीपी बापाच्या फोनवर जायचा. तारामती ऑफिसच्या दारात उभी राहून फोन लावायची. तिकडं ग्यानोबा हातातलं काम ठेवायचा आणि एकेक आकडा सुटा सुटा सांगायचा, मग सगळे पुन्हा एकदा सांगायचा. तो चौथीपर्यंत शिकलेला होता. आकडा चुकू नये याची त्याला फार धास्ती.

पहिला भाग एका दिवसात झाला. दुसऱ्यासाठी त्या मायलेकी चार दिवसांनी पुन्हा आल्या. सकाळपासून साइट चालत नव्हती. रांगेत आणखी नऊ पोरं होती. विशाखाचा नंबर आला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. तिनं दहा कॉलेजांची नावं आधीच कागदावर लिहून आणली होती. पहिलं लातूरचं. ते नाव सांगताना तिनं कागदाकडं बघितलंही नाही. पुन्हा ओटीपी, पुन्हा ग्यानोबा, पुन्हा सुटे आकडे. दहाही नावं चढली. रत्नम्मानं पान छापायला टाकलं, छापून हातात आलं, आणि लाइट गेली.

पुन्हा आली ती तासाभरानं. तोवर शेवटची जीप निघायची वेळ झाली होती. रत्नम्मानं छापलेलं पान बघितलं. दहा नावं, ओळीनं, विशाखाचा फोटो, नंबर, सगळं जागच्या जागी. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा धड प्यायलं नव्हतं. "झालं गं," ती म्हणाली. मायलेकी गेल्या. पण नावं चढवल्यावर शेवटी एक बटण दाबायचं असतं, अर्ज लॉक करण्याचं. ते दाबलं काय, न दाबलं काय, छापलेलं पान सारखंच दिसतं. बाकीच्या पंचवीस अर्जांना तिनं ते दाबलं होतं. या एकाला राहिलं. दोन दिवसांनी मुदत संपली.

पहिली यादी लागली त्या दिवशी ऋतुजाचं नाव लातूरच्या त्याच कॉलेजात लागलं. तिला अठ्ठ्याऐंशी टक्के होते. विशाखा एकटीच ऑफिसात आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. माझं नाव कुठंच नाही मॅडम, म्हणाली. सोमेश सर प्रशिक्षणाहून परतले होते, त्यांनी अर्ज उघडला, खालीवर केला आणि हळूच म्हणाले, "भाग दोन लॉकच न्हाई झालेला."

रत्नम्माला तिथल्या तिथं सगळं आठवलं. लाइट, जीप, हातातलं पान. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, की बघते मी. पोरगी निघून गेली.

नंतर बिरादार सरांनी तिला आत बोलावून दार लोटलं. "साइट हँग झाली होती म्हणून सांगा," ते म्हणाले. "त्या दिवशी सगळ्या जिल्ह्यात हँग होती, खोटं न्हाई ते. तुमची अट बाकी हाय, दोन महिने राहिलेत. त्यात कुणी लेखी तक्रार केली तर मला हात वर करावे लागतील. सिद्धेश्वरच्या घरासाठी सांगून राहिलो, वहिनी."

तिला त्यांचा राग आला नाही. उलट बरंच वाटलं. दोन दिवस ती मनाशी तेच घोकत राहिली, की साइट बंद होती, लाइट गेली होती, सव्वीस पोरं होती, आपण एकटी होतो. यातलं एकही खोटं नव्हतं. अंजूनं एकदा आईला विचारलं, अव्वा, विशाखाताईचं नाव का नाही लागलं? साइटचं काहीतरी झालं, असं तिनं सांगितलं, आणि सांगताना तव्यावरची पोळी उलटायची विसरली.

रविवारी ती उदगीरच्या जीपमध्ये बसली नाही. परीक्षा दोन आठवड्यांवर होती आणि आनंदराज सरांनी एकही दिवस चुकवू नका म्हणून बजावलं होतं. ती चालत वाडीकडं निघाली. रिक्षा मिळाली असती, पण लवकर पोचायची तिला घाई नव्हती. बौद्धवाड्यात विशाखाचं घर विचारावं लागलं नाही. विहाराच्या पलीकडं ओट्यावर तारामतीच तांदूळ निवडत बसली होती. बाईंना बघून ती उठली, सतरंजी टाकली, पाणी दिलं. काय बोलायचं ते रत्नम्मानं वाटेत ठरवलं होतं. पण तारामतीनंच आधी तोंड उघडलं.

"बरं झालं आल्या तुम्ही. तिच्या बापाला कुणीतरी समजावून सांगायला पायजे. दोन दिस झाले, कामावर गेला न्हाई. फोन केला की एकच म्हणून राहिला, आकडा मी चुकीचा सांगितला. सहा होता का नऊ होता, मला दिसला न्हाई म्हणतो. माझ्यासारख्या अडाण्याचा नंबर कशाला दिला म्हणतो. लेकीचं साल मी घालवलं म्हणतो."

रत्नम्माच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला.

"आकडा बरोबर होता," ती म्हणाली. "त्यांचं काही चुकलं न्हाई. माझं चुकलं."

मग तिनं सगळं सांगितलं, लाइटपासून जीपपर्यंत. साइट हँग होती हे सांगायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. तारामती ऐकत होती. बोटं तांदळात तशीच थांबलेली. विशाखा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती केव्हा आली ते रत्नम्माला कळलं नव्हतं.

तारामतीनं तांदूळ बाजूला सारले. मग तिनं फोन लावला आणि रत्नम्माच्या हातात दिला. त्यांना तुमच्या तोंडानं सांगा, म्हणाली.

ग्यानोबानं दुसऱ्याच रिंगला उचलला. रत्नम्मानं नाव सांगितलं, शाळेतून बोलते म्हणाली, आणि जे घडलं ते सांगितलं. तो बांधकामावरच राहायला होता. मागं कुठंतरी काँक्रीटचा मिक्सर फिरत होता.

"म्हणजे आकडा बरोबर होता?" ग्यानोबानं विचारलं.

"हाव दादा. दोन्ही बारी बरोबर होता."

"दोन्ही बारी."

"हाव."

पुन्हा तोच मिक्सर. मग तो म्हणाला, "मग आता काय करायचं, ताई?" त्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. दुसरी फेरी गुरुवारी उघडते, असं तिनं सांगितलं. लातूरच्या जागा राहतात का नाही हे आपल्या हातात नाही, हेही सांगितलं. ग्यानोबा म्हणाला, मी फोन जवळच ठेवतो.

फोन ठेवल्यावर विशाखा आत निघून गेली. तिनं रत्नम्माकडं एकदाही बघितलं नव्हतं. तारामती ओट्यावरून उतरून रस्त्यापर्यंत आली. "तुम्ही सांगायला आल्या, चांगलं केलं," ती म्हणाली. "पण लेकीचं तेवढं बघा."

सोमवारी रत्नम्मानं स्वतःच्या हातानं खुलासा लिहिला, चूक माझी आहे म्हणून, आणि बिरादार सरांपुढं ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला, कागद ड्रॉवरमध्ये टाकला. पुढं त्या कागदाचं काही झालं नाही, पण होईल म्हणून ती कित्येक आठवडे ड्रॉवरच्या आवाजानं दचकत होती.

गुरुवारी मायलेकी आल्या तेव्हा रत्नम्मा खुर्चीवरून उठली आणि तिनं विशाखाला बसवलं. तू कर, मी मागं उभी राहते, म्हणाली. विशाखानं संगणक शाळेच्या लॅबमध्ये पाहिला होता, तोही दुसऱ्याच्या खांद्यावरून. तिनं माऊस धरला. एका ठिकाणी लाल अक्षरात सूचना आली. पोरीनं विचारलं, हे काय आहे? रत्नम्मानं खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही, आपण वाचू. दोघींनी ती सूचना शब्दाशब्दानं वाचली. इंग्रजी होती, दोन शब्द अडले, ते विशाखानं तिथंच शोधले. जातीच्या दाखल्याचा नंबर राहिला होता, तो टाकला. नावं चढली. पुढच्या पानावर गेल्या, आणखी पुढच्या पानावर गेल्या, आणि शेवटी लॉकचं बटण आलं. विशाखानं दाबलं. मिनिटभरात तारामतीचा फोन वाजला. ग्यानोबाच होता. मेसेज आला, लॉक झालं म्हणून राहिला मेसेज, असं त्यानं सांगितलं, आणि नंतर सगळा मेसेज वाचूनही दाखवला.

लातूरची जागा मिळाली नाही. दुसऱ्या फेरीला त्या कॉलेजात मोजक्याच जागा उरल्या होत्या, आणि यादी पंच्याण्णवावर थांबली. विशाखाला तिसऱ्या पसंतीचं लागलं, नांदेडचं. तिथं तारामतीची बहीण राहत होती, म्हणून राहण्याचा प्रश्न सुटला. कॉलेज वाईट नव्हतं. पण लातूरला शिकायचं हे त्या पोरीनं सातवीपासून मनात धरलं होतं, आणि ते कुणाच्या चुकीनं गेलं हे तिला माहीत होतं. दाखला न्यायला आली तेव्हा तिनं जन्मतारीख, नाव, आईचं नाव, एकेक ओळ बोट ठेवून तपासली. मग येते मॅडम म्हणाली आणि गेली. रत्नम्माला त्या तपासण्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटायचं कारण नाही हेही कळलं.

परीक्षेचं केंद्र लातूरला होतं. वाडीला गेली तो रविवार बुडाला होता. आनंदराज सरांनी तो भरून काढायचं ठरवलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला तीन तास जास्त बसवलं आणि दर वेळी तेच सांगितलं, पळू नका, चुका कमी करा, वेग आपोआप भरतो. लातूरच्या त्या हॉलमध्ये सगळे एकदम टायपायला लागले तेव्हा पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. रत्नम्मानं शेजारच्या पोरीकडं बघितलं नाही. सात मिनिटं ती नुसता पुढचा शब्द बघत राहिली. उतारा कशाबद्दल होता ते बाहेर आल्यावर तिला आठवेना. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं लावून बसली आणि उदगीरपर्यंत तिला कुणी हात लावून उठवलं तरी कळलं नसतं.

निकाल लागला तेव्हा दोन वर्षांची मुदत संपून आठवडा झाला होता. बिरादार सरांनी तेवढा आठवडा वरच्या ऑफिसातून मागून घेतला होता. ती पास झाली, अगदी काठावर. त्यांनी पेढे मागवले, सोमेश सरांनी हात जोडले, आणि पेढा तोंडात असतानाच कुणीतरी आठवण दिली की पाचवीच्या एकोणीस मुलांचे आधार अजून जुळलेले नाहीत. रत्नम्मा जाऊन खुर्चीवर बसली. आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल. पण तिला वाटलं ते एवढंच, की आता शनिवारी दुपारी घरी झोपता येईल.

शनिवारी झोपणं तिला दोन-तीनदाच मिळालं. दहावीच्या पोरांनी स्वतःचे अर्ज स्वतः भरायला शिकावं असं तिच्या डोक्यात बसलं होतं, आणि बिरादार सरांनी त्यासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास लॅब दिली होती. लॅबमध्ये सहा संगणक होते, चालू चार. सोमेश सर म्हणाले, वहिनी, ही पोरं फोन आपल्यापेक्षा जास्त चालवतात. ते खरंच होतं. व्हिडिओ लावणं, फोटोला फुलं चिकटवणं त्यांना झोपेत यायचं. पण पानावर काय लिहिलंय ते न वाचता ती पुढं पुढं दाबत जायची. ईमेल काढायची आणि पासवर्ड विसरायची. अर्ज अर्धवट राहिलाय की पुरा झालाय हे कुठं बघायचं ते वर्गातल्या चाळीस पोरांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. रत्नम्माला सावकाशच येत होतं, म्हणून ती सावकाशच शिकवायची. एकेक ओळ वाचायला लावायची. पोरं कंटाळायची. पहिल्या शनिवारी अठ्ठावीस आली, चौथ्या शनिवारी अकरा. त्या अकरांना घेऊन ती बसत राहिली. काही दिवस तर तिला स्वतःलाच इतका कंटाळा यायचा, की लाइट जाईल तर बरं असं वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस विशाखा आली. नांदेडहून आदल्या दिवशी आली होती; केस कापलेले, खांद्याला मोठी बॅग. जात पडताळणीचा अर्ज भरायचा होता आणि त्याला शाळेचे कागद लागत होते. रत्नम्मा उठायला लागली तर ती म्हणाली, राहू द्या मॅडम, संगणक रिकामा झाला की बसते मी. रत्नम्मानं तिला लगेच बसवलं आणि स्वतः कपाटातून तिचे कागद काढायला गेली. परत आली तेव्हा पोरीनं निम्मा अर्ज भरला होता. नंबर आता तिनं स्वतःचा दिला होता. चाळीस मिनिटांत तिचं काम झालं. मधे दोनदा तिनं काहीतरी विचारलं, त्यातलं एक रत्नम्माला सांगता आलं.

कागद बॅगेत घालताना रत्नम्मानं विचारलं, "नांदेड जमलं का?"

"जमून राहिलं," विशाखा म्हणाली. थोडं थांबून तिनं पुढं सांगितलं, "लातूर असतं तर बरं होतं."

"हाव," रत्नम्मा म्हणाली.

विशाखानं बॅग खांद्याला लावली. बाबा दिवाळीला येणार आहेत, गुरुवारी पोचतील, असं जाता जाता तिनं सांगितलं. रत्नम्मानं मान हलवली आणि ती दिसेनाशी झाल्यावर समोरच्या आधारच्या यादीतलं पुढचं नाव वाचायला घेतलं.